धुळे ते जळगाव: ९० किलोमीटरचा प्रवास दोन दिवसांत कसा आखावा

धुळे आणि जळगाव या दोन शहरांमध्ये सुमारे ९० ते ९५ किलोमीटरचे अंतर आहे आणि चारचाकीने, वाटेत कोठेही न थांबता, हे अंतर दीड ते दोन तासांत सहज कापता येते. नेमक्या याच कारणामुळे या रस्त्याची कोणी आखणी करत नाही. लग्नाला, दवाखान्याला किंवा सोने खरेदीला जायचे म्हणून लोक सकाळी निघतात, पारोळा आणि एरंडोल या गावांच्या पाट्या डाव्या-उजव्या बाजूला मागे पडतात आणि जळगाव येते. प्रस्तुत लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांना हाच रस्ता एकदा सावकाश, थांबत थांबत पाहायचा आहे आणि ज्यांनी अशी छोटी सहल स्वतः कधी आखलेली नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण पुढील सर्व सूचना तिच्यावरच उभ्या आहेत. थांबा म्हणजे केवळ ठिकाण नसते. ठिकाण आणि वेळ यांची ती जोडी असते. पारोळ्याचा किल्ला सकाळी आठ वाजता पाहणे आणि तोच किल्ला दुपारी एक वाजता पाहणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. काही वर्षांपूर्वी आम्ही घरातील सहा जण, त्यांत दोन लहान मुले आणि एक ज्येष्ठ आत्या, एप्रिल महिन्यात एकाच दिवसात सात ठिकाणे पाहण्याच्या बेताने निघालो होतो. नकाशावर प्रत्येक ठिकाण रस्त्याला लागूनच दिसत होते. प्रत्यक्षात किल्ल्यावर पोहोचलो तेव्हा भर दुपार झाली होती, आत्या गाडीतून उतरू शकल्या नाहीत, तळ्याकाठी गेलो तेव्हा फुले मिटलेली होती आणि संग्रहालयापाशी पोहोचलो तेव्हा प्रवेश बंद झालेला होता. ठिकाणांची निवड चुकलेली नव्हती, त्यांचा क्रम चुकला होता. तेव्हापासून मी आखणी करताना किलोमीटर नंतर मोजतो आणि घड्याळ आधी पाहतो.

पहिली पायरी: महिना आणि वार

खानदेशात उन्हाळा गांभीर्याने घ्यावा लागतो. एप्रिल आणि मे महिन्यांत जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि सकाळी दहानंतर उघड्यावर हिंडणे लहान मुलांना व वृद्धांना झेपत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला, कारण दिवस उबदार असतात, पहाटे गारठा असतो आणि भरिताच्या वांग्यांचा हंगामही याच दिवसांत असतो. पावसाळा संपताना, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात, शिवार हिरवेगार आणि तळी भरलेली असतात; फोटो काढण्याची आवड असलेल्यांनी हा काळ निवडायला हरकत नाही, मात्र जुन्या वास्तूंमध्ये गवत वाढलेले असते आणि पायाखाली पाहूनच चालावे लागते.

महिन्याइतकाच वार महत्त्वाचा आहे आणि नवखे प्रवासी नेमके तेथेच चुकतात. या मार्गावरील दोन मोठी देवस्थाने, अमळनेरचे मंगळग्रह मंदिर आणि एरंडोलजवळचे पद्मालय, मंगळवारी भाविकांनी भरून जातात. संकष्टी चतुर्थीला आणि विशेषतः अंगारकीला पद्मालयाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. ज्यांना त्या दिवशीच दर्शन हवे आहे त्यांनी अवश्य जावे, पण मग त्या दिवशी दुसरे काही ठरवू नये. ज्यांना शांतपणे पाहायचे आहे त्यांनी मंगळवार आणि चतुर्थी दोन्ही टाळाव्यात. दुसरीकडे संशोधन संस्था आणि ग्रंथालये रविवारी बंद असण्याची शक्यता असते. या दोन्ही अडचणींचा विचार करता शुक्रवार-शनिवार ही जोडी मला सर्वांत सोयीची वाटते.

दुसरी पायरी: रस्त्याची रेघ कागदावर ओढावी

फोनमधील नकाशा उपयोगी आहेच, परंतु आखणी करताना एक कोरा कागद घेऊन त्यावर हाताने रेघ ओढावी, असा माझा आग्रह आहे, कारण हाताने लिहिलेले गावांचे क्रम डोक्यात राहतात आणि वाटेत मोबाइलला रेंज नसली तरी गोंधळ होत नाही.

सरळ मार्ग म्हणजे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३, जो जुनी माणसे अजूनही ‘सहा नंबर’ म्हणून ओळखतात आणि जो सुरतेकडून येऊन पुढे नागपूरमार्गे ओडिशाकडे जातो. धुळे सोडल्यावर फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी, बांभोरी आणि जळगाव असा हा क्रम आहे. धुळे ते पारोळा सुमारे ३५ किलोमीटर, पारोळा ते एरंडोल सुमारे ३० आणि एरंडोल ते जळगाव साधारण तितकेच. दुसरा मार्ग पारोळ्यापाशी महामार्ग सोडून उत्तरेला अमळनेरकडे वळतो, तेथून धरणगावमार्गे पुन्हा एरंडोलला महामार्गावर येतो. पारोळा ते अमळनेर सुमारे २० किलोमीटर, अमळनेर ते धरणगाव सुमारे ३० आणि धरणगाव ते एरंडोल १२ च्या आसपास. म्हणजे वळसा घेतल्याने एकूण ३० ते ३५ किलोमीटर वाढतात, पण खानदेशाच्या गेल्या शंभर वर्षांच्या घडामोडी ज्या गावात घडल्या ते अमळनेर पदरात पडते. दोन दिवस हाताशी असतील तर हा वळसा घ्यावाच.

कागदावर नद्याही दाखवाव्यात. धुळ्यात पांझरा, पारोळ्याजवळ आणि पुढे अमळनेरात बोरी, एरंडोलला अंजनी आणि बांभोरीजवळ गिरणा. या सगळ्या तापीला जाऊन मिळतात. हा प्रवास म्हणजे तापीच्या दक्षिण खोऱ्यातून पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणे आहे, हे एकदा लक्षात आले की काळी जमीन, कापूस आणि पुढे केळीचे मळे का दिसतात तेही कळते. आणखी एक संदर्भ लिहून ठेवण्यासारखा आहे: १९०६ साली इंग्रजांनी खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले, त्यांतील पश्चिम खानदेशाचे मुख्यालय धुळे आणि पूर्व खानदेशाचे जळगाव होते. आपण एका मुख्यालयापासून दुसऱ्यापर्यंत जात आहोत.

तिसरी पायरी: यादी करावी आणि मग ती निर्दयपणे कापावी

पहिल्या यादीत सुचेल ते सगळे लिहावे. धुळ्याजवळचा लळिंग किल्ला, तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले सोनगीर, चाळीसगावजवळची पाटणादेवी, चोपड्याकडील उनपदेवचा गरम पाण्याचा झरा, फरकांड्याचे झुलते मनोरे. ही सर्व ठिकाणे पाहण्याजोगी आहेत आणि तरीही या सहलीतून मी ती काढून टाकतो. लळिंग धुळ्याच्या दक्षिणेला आणि सोनगीर उत्तरेला, दोन्ही मुंबई-आग्रा महामार्गावर आहेत, आणि आपल्याला तर पूर्वेला जायचे आहे. फारुकी सुलतानांच्या काळापासूनचा लळिंगचा किल्ला चढून उतरायलाच दोन-अडीच तास लागतात, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळी सकाळ राखून ठेवावी. पाटणादेवी तर स्वतंत्र मुक्कामाची जागा आहे; गौताळ्याचे जंगल, जुने मंदिर आणि गणिती भास्कराचार्यांच्या परंपरेशी असलेला त्या परिसराचा संबंध हे सर्व घाईत उरकण्यासारखे नाही.

कापण्यासाठी मी तीन प्रश्न विचारतो. हे ठिकाण मार्गापासून दहा किलोमीटरच्या आत आहे का? ते ज्या वेळी पाहण्यासारखे असते त्या वेळी आपण तेथे असू का? आणि आपल्यासोबतच्या सर्वांत वयस्क आणि सर्वांत लहान व्यक्तीला तेथे बसायला सावली मिळेल का? तिन्ही उत्तरे ‘होय’ असली तरच ठिकाण यादीत राहते. एका दिवसात दोन मोठे थांबे आणि एक छोटा, याहून अधिक ठरवू नयेत. रिकामा वेळ वाया जात नाही. वाटेतल्या चहाच्या टपरीवर तो आपोआप भरतो.

पहिला दिवस: धुळे, पारोळा, अमळनेर

जे बाहेरगावाहून येऊन धुळ्यातून सुरुवात करणार आहेत त्यांनी आदल्या दिवशी दुपारीच धुळ्यात पोहोचावे, कारण धुळ्यातील पाहण्याच्या जागा कार्यालयीन वेळेतच उघड्या असतात आणि सकाळी त्यांच्यासाठी थांबून राहिले की पारोळ्याला ऊन गाठते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन १९२६ साली धुळ्यातच झाले आणि त्यांनी आयुष्यभर गावोगाव पायपीट करून जमवलेल्या कागदपत्रांचा ठेवा सांभाळण्यासाठी येथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. श्री समर्थ वाग्देवता मंदिरात नानासाहेब देव यांनी जमवलेली रामदासी संप्रदायाची हस्तलिखिते आहेत. दोन्ही ठिकाणी आपण पाहुणे आहोत हे लक्षात ठेवून आधी दूरध्वनी करावा, फोटो काढण्यापूर्वी विचारावे आणि मुलांना जुन्या कागदांना हात न लावण्याविषयी बाहेरच समजावून सांगावे. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर रविवारी प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, ही गोष्ट मुलांना येथेच सांगून ठेवावी, कारण दुसऱ्याच दिवशी आपण गुरुजींच्या अमळनेरात असणार आहोत.

प्रवासाच्या दिवशी धुळ्याहून सकाळी सात वाजता निघावे. पाऊण तासात पारोळा येते. पारोळ्याचा किल्ला हा भुईकोट आहे, म्हणजे डोंगरावर न बांधता सपाट जमिनीवर बांधलेला. त्यामुळे चढण नाही आणि ज्येष्ठांनाही बराचसा भाग पाहता येतो. १७२७ साली जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी तो बांधला, असे सांगितले जाते. झाशीच्या राजघराण्याशी येथील जहागीरदारांचे नाते होते आणि १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी ही जहागीर जप्त करून किल्ल्याची मोडतोड केली. आज तटबंदी, बुरूज आणि खंदकाच्या खुणा दिसतात. काही भाग ढासळलेला आहे आणि आत झुडपे वाढलेली असतात. म्हणून पायांत बूट असावेत, मुलांना तटाच्या कडेवर चढू देऊ नये आणि विहिरींपासून त्यांना दूर ठेवावे. सकाळचे तिरपे ऊन बुरुजांवर पडते तेव्हा दगडाचा पोत उठून दिसतो, त्यामुळे छायाचित्रांसाठीही हीच वेळ योग्य आहे. एक तास पुरतो. गावातील बालाजी मंदिराचे दर्शन घेऊन नाश्ता करावा. ज्यांना उत्सवाची आवड आहे त्यांनी आश्विनातील नवरात्राच्या दिवसांत बालाजीच्या उत्सवाची चौकशी करून त्या वेळी यावे, मात्र तेव्हा गाडी गावाबाहेरच उभी करावी लागते.

साडेनऊच्या सुमारास पारोळा सोडले की दहा-सव्वादहापर्यंत अमळनेर गाठता येते. या गावात मी सर्वांत जास्त वेळ राखून ठेवायला सांगतो. श्रीमंत प्रतापशेठ यांनी येथे कापडाची गिरणी चालवली आणि गिरणीच्या उत्पन्नातून १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर ही संस्था उभी केली. बोरीकाठच्या एका छोट्या गिरणगावात, इंग्रजांच्या काळात, देशभरातील अभ्यासकांनी यावे, राहावे आणि केवळ तत्त्वज्ञानाचा अभ्यास करावा अशी सोय एका व्यापाऱ्याने करून ठेवली होती, या गोष्टीचे मला आजही आश्चर्य वाटते आणि अभिमानही वाटतो. साने गुरुजी प्रथम याच संस्थेच्या ओढीने अमळनेरला आले आणि पुढे १९२४ ते १९३० या काळात येथील शाळेत शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांची अंथरुणे-पांघरुणे नीट करणारे, आजारी मुलाच्या उशाशी बसणारे गुरुजी ते याच गावातले. मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी त्यांनी नोकरी सोडली. १९४५ साली वनस्पती तुपाच्या एका कारखान्यातून विप्रो या कंपनीची सुरुवात झाली तीही अमळनेरातच, आणि २०२४ साली ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावाने भरवले. एवढे सगळे एका तालुक्याच्या गावात घडले आहे, म्हणून येथे ‘काय पाहायचे’ या यादीपेक्षा ‘कोणाशी बोलायचे’ याला अधिक महत्त्व आहे. शाळेच्या किंवा संस्थेच्या कार्यालयात नम्रपणे चौकशी केली की एखादे निवृत्त शिक्षक भेटतात आणि तासभर प्रेमाने माहिती देतात, असा माझा अनुभव आहे. शाळा चालू असताना वर्गांमध्ये डोकावू नये. मधली सुट्टी किंवा शाळा सुटल्यानंतरची वेळ विचारून घ्यावी.

दुपारी जेवण आणि विश्रांती. संध्याकाळी बोरी नदीच्या पात्रातील संत सखाराम महाराजांच्या समाधीकडे जावे. वैशाखात शुद्ध एकादशीला येथे रथ निघतो आणि पौर्णिमेला पालखी; तेव्हा नदीपात्रात मोठी यात्रा भरते. एरवी मात्र पात्र शांत असते. उजेड असेपर्यंत जुन्या गावातील दगडी दरवाजाही पाहून घ्यावा. मंगळग्रह मंदिर थोडे बाहेरच्या बाजूला आहे, तेथे बागेत बसायला जागा आहे आणि संध्याकाळच्या वेळी लहान मुले तेथे रमतात. मुक्काम अमळनेरातच करावा. खोलीची नोंदणी आठवडाभर आधी करावी, आणि लग्नसराईत तर त्याहूनही आधी, कारण तालुक्याच्या गावात चांगल्या खोल्या मोजक्याच असतात आणि वऱ्हाडासाठी त्या एकगठ्ठा घेतल्या जातात.

दुसरा दिवस: पद्मालय, गांधीतीर्थ, जळगाव

या दिवशी लवकर उठणे अटळ आहे. कमळे सकाळी उमललेली असतात आणि ऊन चढले की मिटू लागतात, त्यामुळे पद्मालयाचे तळे पाहायचे तर आठ-साडेआठच्या आत तेथे पोहोचायला हवे. अमळनेरहून साडेसहाला निघून धरणगावमार्गे एरंडोल आणि तेथून सुमारे दहा किलोमीटरवरील पद्मालय असा हा साधारण ५० किलोमीटरचा टप्पा आहे. धरणगावला थांबले नाही तरी गाडीतल्यांना एवढे सांगावे की बालकवी ठोमरे यांचा जन्म १८९० साली याच गावात झाला आणि १९१८ मध्ये जळगावपलीकडील भादली स्थानकाजवळ रेल्वेच्या अपघातात, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. सकाळच्या धुक्यात धरणगावच्या शिवारातून जाताना ही आठवण मनात राहते.

पद्मालय टेकडीवर, झाडीच्या सोबतीने आहे. मंदिरात गणपतीच्या दोन मूर्ती शेजारी शेजारी आहेत, एक डाव्या सोंडेची आणि एक उजव्या सोंडेची, आणि सहस्रार्जुनाने व शेषाने त्यांची स्थापना केली अशी श्रद्धा आहे. समोरच्या तळ्यातील कमळांवरूनच पद्मालय हे नाव पडले. फुलांची दाटी ऋतूप्रमाणे कमी-जास्त होते, पण तळे, जुने दगडी मंदिर आणि सकाळची घंटा यांसाठी कोणत्याही महिन्यात येथे यावे. जवळच भीमकुंड आहे; एरंडोल म्हणजेच एकचक्रानगरी आणि भीमाने बकासुराला मारले ते येथेच, अशी परिसरातील लोकांची समजूत आहे. कुंडाकडे जाताना पावसाळ्यात दगड निसरडे असतात, म्हणून ज्येष्ठांनी मंदिरापाशीच थांबलेले बरे. माकडांपासून प्रसाद आणि चष्मे सांभाळावेत. तळ्यातील कमळे तोडू नयेत.

साडेदहाच्या सुमारास निघून जळगावकडे जाण्यासाठी दोन वाटा आहेत. एरंडोलला परत येऊन महामार्गाने पाळधी, बांभोरी असे जाता येते, किंवा गिरणा ओलांडून म्हसावद आणि शिरसोलीमार्गे जाता येते. दुसऱ्या वाटेचा फायदा असा की जैन हिल्सवरील गांधीतीर्थ शिरसोली रस्त्यावरच आहे आणि शहरात शिरण्यापूर्वीच ते येते. ही वाट खेड्यांमधून जाते, म्हणून पद्मालयातच एखाद्या रिक्षावाल्याला किंवा दुकानदाराला रस्त्याची सध्याची स्थिती विचारावी. अहिराणीत ‘आठे’ म्हणजे येथे आणि ‘तठे’ म्हणजे तेथे एवढे दोन शब्द ठाऊक असले तरी वाट सांगणाऱ्याचा चेहरा खुलतो आणि वळणे जास्त आपुलकीने सांगितली जातात.

गांधीतीर्थ हे गांधीजींच्या जीवनावरील संग्रहालय भवरलाल जैन यांच्या पुढाकाराने उभे राहिले आणि २०१२ साली खुले झाले. ते नीट पाहायला दोन ते अडीच तास लागतात आणि ते छताखाली असल्यामुळे दुपारच्या उन्हाची वेळ त्यासाठी अगदी योग्य आहे; ही जोडी मी मुद्दाम जुळवलेली आहे. साप्ताहिक सुट्टी आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ आदल्या दिवशीच दूरध्वनी करून विचारून घ्यावी. आत जाण्यापूर्वी सर्वांनी काही खाऊन घ्यावे, कारण भुकेल्या मुलांना घेऊन संग्रहालय पाहता येत नाही.

जेवण आणि थोडा आराम झाल्यावर चार-साडेचारला जुन्या जळगावात जावे. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोदे गावात झाला, लग्नानंतर त्या जळगावच्या चौधरी वाड्यात आल्या आणि १९५१ साली त्यांचे निधन झाले. त्या घरात आज त्यांच्या वापरातील वस्तू जपून ठेवलेल्या आहेत. लिहिता-वाचता न येणाऱ्या एका शेतकरी स्त्रीने चुलीपाशी आणि शेतात काम करताना रचलेल्या ओव्या तिच्या मुलाने, सोपानदेवांनी, कागदावर उतरवून ठेवल्या म्हणून त्या आपल्यापर्यंत पोहोचल्या. ते जाते आणि ती चूल समोर पाहणे हा माझ्या मते या संपूर्ण प्रवासाचा सर्वोच्च क्षण आहे, म्हणून तो थकलेल्या अवस्थेत, घाईत उरकू नये. घर कुटुंबाच्या देखरेखीखाली असल्यामुळे भेटीची वेळ आधी विचारणे हे सौजन्याचेही आहे. नंतर सूर्यास्ताला मेहरूण तलावाकाठी फिरावे. हिवाळ्यात गेलात तर मेहरूणची बोरे घ्यावीत.

खाण्याची आखणी

खानदेशात जेवणाची वेळ आधी ठरवावी आणि पदार्थ आधी सांगून ठेवावेत. भरीत हे हिवाळ्यातच खावे: मोठी हिरवी वांगी कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात, मग ती हिरव्या मिरच्यांसह लाकडी भांड्यात कुटतात आणि कांद्याची पात, शेंगदाणे घालून फोडणी देतात. सोबत कळण्याची भाकरी असते, म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून केलेली. गॅसवर भाजलेल्या वांग्याच्या भरिताला तो धुराचा वास येत नाही, म्हणून काड्यांवर भाजतात का हे विचारून घ्यायला संकोचू नये. शेवभाजी काळ्या मसाल्याची आणि झणझणीत असते, तेव्हा मुलांसाठी आणि पोटाचा त्रास असणाऱ्यांसाठी वरण-बट्टी मागवावी. खापरावरची पुरणपोळी हवी असेल तर एक दिवस आधी सांगावे लागते, कारण ती करणाऱ्या बाई पुरण सकाळीच घालतात. गाडीत केळी असू द्यावीत. जळगावची केळी वाटेत कोठेही मिळतात आणि जेवणाला उशीर झाला तर तीच उपयोगी पडतात.

गाडी, रस्ता आणि पैसे

निघण्याच्या दोन दिवस आधी टायरमधील हवा, ब्रेक, शीतक पाणी आणि सुटे चाक तपासून घ्यावे. उन्हाळ्यात निघणारच असाल तर जुने टायर बदलूनच निघावे, कारण तापलेल्या रस्त्यावर ते फुटण्याचा धोका असतो. इंधन धुळ्यातच भरावे. महामार्गावर टोल आहे, म्हणून फास्टॅगमध्ये पैसे असल्याची खात्री करावी, परंतु देवस्थानापाशी गाडी उभी करण्यासाठी, खेड्यातील चहासाठी आणि बोरे विकणाऱ्या आजींसाठी सुटे पैसे जवळ असू द्यावेत.

महामार्ग चौपदरी झाल्यापासून वेग वाढला आहे आणि धोकाही वाढला आहे. गावांजवळ दुचाकी उलट्या दिशेने येतात, आणि कापसाच्या हंगामात ट्रॉलीच्या बाहेर आलेला कापूस घेऊन चाललेले ट्रॅक्टर संध्याकाळी मागच्या दिव्याशिवाय समोर येतात. म्हणून अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, हा नियम आखणीतच घालावा; वर दिलेल्या वेळापत्रकात दोन्ही दिवशी सूर्यास्तापूर्वी मुक्कामाच्या गावी पोहोचता येते. कुटुंबातील एखाद्याला गाडीचा प्रवास झेपत नसेल तर सुरत-भुसावळ लोहमार्गावर अमळनेर, धरणगाव आणि जळगाव ही स्थानके आहेत, त्यामुळे अमळनेर ते जळगाव हा टप्पा त्यांना रेल्वेने करता येईल.

एकच दिवस असेल तर

अमळनेरचा वळसा सोडून द्यावा, त्याचे दुःख करू नये आणि तो पुढच्या वेळेसाठी राखून ठेवावा. धुळ्याहून पहाटे सहाला निघून थेट पद्मालय गाठावे, म्हणजे आठच्या आत कमळे दिसतील. पारोळ्याचा किल्ला जाताना न पाहता परतीच्या वाटेवर, ऊन उतरल्यावर, साडेचार-पाचला पाहावा. मधली दुपार गांधीतीर्थ आणि चौधरी वाडा या छताखालच्या दोन जागांसाठी ठेवावी आणि साडेतीनला जळगाव सोडावे, म्हणजे किल्ला पाहूनही दिवेलागणीच्या सुमारास धुळ्यात परतता येईल.